उसाच्या फडातले पार्ट्स ऑफ स्पीच

धन्यकुमार महाजन सरांनी पहिल्याच भेटीत मला 'कन्जंक्शन' म्हटलं, आणि मला ती शिवी वाटली.

मी तेव्हा मंगरूळपीरच्या वाचनालयात नुकताच ग्रंथपाल म्हणून लागलो होतो. पांढरं धोतर, वर बंद गळ्याचा तपकिरी कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा थाटात एक उंच गृहस्थ आत आले. टेबलासमोर उभं राहून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "कन्जंक्शन."

"काय म्हणालात?"

"उभयान्वयी अव्यय. पुस्तक इकडं, वाचक तिकडं, तुमी मंधात. जोडून द्याचं आन् बाजूले व्हाचं. याच्यापेक्षा जास्त काई करू नका."

इतक्या कमी शब्दांत माझ्या नोकरीचं वर्णन वरिष्ठांनाही कधी जमलं नाही.

पुढे कळलं की मी स्वस्तात सुटलो. गावातल्या प्रत्येक माणसाची सरांनी अशी वर्गवारी करून ठेवली होती. एका निवृत्त बड्या बाबूंना ते 'आर्टिकल' म्हणत. असले तरी अर्थ तोच, नसले तरी अर्थ तोच. पुढाऱ्यांना वेळ नसला की त्यांच्या जागी हार घालून घ्यायला येणारे एक सद्गृहस्थ होते, ते 'प्रोनाउन'. सरांच्या शेजारच्या राठीकाकू खिडकीतून अख्ख्या गल्लीवर 'अवं माय!' एवढ्या दोन शब्दांत भाष्य करत, म्हणून त्या 'इंटरजेक्शन'. काकूंना त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. काहीतरी पदवी असावी अशा समजुतीने त्या खूश असत.

सर आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. शिकवून म्हणण्यापेक्षा उघडून दाखवून म्हणावं. घड्याळजी घड्याळ उघडतो तसं ते इंग्रजी उघडत. सगळे भाग टेबलावर मांडलेले, प्रत्येकाचं नाव सांगितलेलं. फक्त किती वाजले, हे विचारायचं नाही. शब्दांची रूपं ते पाढ्यांसारखी म्हणून घेत. "सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल, सक्सेसफुली." बे एके बे विसरलेली माणसं आमच्या गावात सापडतील, पण सरांच्या हाताखालून गेलेला माणूस झोपेतून उठवला तरी हे म्हणून दाखवतो. त्यांतले बरेच जण पुढे सक्सेसफुली मोबाईल दुरुस्तीची दुकानं चालवत आहेत.

स्वतः सरांना इंग्रजी बोलताना मात्र कोणी ऐकलं नव्हतं. एकदा बसस्थानकावर दक्षिणेकडचे एक पाहुणे उतरले. त्यांना वाशीमची गाडी हवी होती, आणि इंग्रजीशिवाय इलाज नव्हता. लोकांनी मोठ्या अभिमानाने त्यांना सरांपुढे उभं केलं. पाहुण्यांनी विचारलं, गाडी कुठे लागते? सरांनी डोळे मिटून प्रश्न ऐकला आणि खुशीत मान हलवली. "व्हेअर. ॲडव्हर्ब. बराबर जागेवर लावला तुमी." पाहुण्यांनी पुन्हा विचारलं. सरांनी क्रियापदाचीही तारीफ केली. तेवढ्यात वाशीमची गाडी दोघांच्या पाठीमागून निघून गेली. सरांनी मग त्यांना घरी नेलं, पोटभर जेवू घातलं आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं. जेवताना दोघांत काय बोलणं झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "जेवताना कायले बोलाव लागते?"

पण सरांचं खरं वैर होतं ते विशेषणांशी. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो, आणि वाढदिवस कुणाचा आहे हे कळायच्या आधी तो माणूस सम्राट आहे, आधारवड आहे, धडाडीचा आहे, लाडका आहे, हे सगळं कळतं. अशाच एका फ्लेक्ससमोर सर भर उन्हात चष्मा वरखाली करत उभे होते. कार्यकर्त्यांना वाटलं, सर भारावले. एकाने अदबीने विचारलं, "कसा वाटला सर?"

"ॲडजेक्टिव्ह समदे आले," सर म्हणाले. "नाऊन कुठं हाय?"

खिळा मारताना नावावरच दुसऱ्या फ्लेक्सचा कोपरा आला होता. पण त्या दिवसापासून सरांना कुठल्याही सत्काराला व्यासपीठावर बसवायचं नाही, असं गावाने ठरवलं. सरांनी तो निर्णय आपला सत्कार समजून स्वीकारला.

मराठी व्याकरणातला 'शब्दांच्या जाती' हा धडाही त्यांना खपत नसे. "जात कायची? शब्दाले काम असते. ज्या जागी उभा केला तिथं काय काम करून राह्यला, ते सांगा. बापाचं नाव नोको." वर्गात हे ऐकताना मागच्या बाकावरची पोरं अचानक नीट बसत, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

निवृत्तीनंतर सरांनी वाचनालयाच्या ओसरीवर फुकट शिकवणी सुरू केली, तीही फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. त्यामागे हिशोब होता. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून बाया बाजाराला येतात, सोबत पोरींना आणतात. आईचं मीठमिरची घेऊन होईस्तोवर पोरगी ओसरीवर बसे. बाजार लांबला की तास लांबे. गावाकडे परत नेणारी काळीपिवळी जीप भरली की तास सुटे, मग सर प्रीपोझिशनच्या ऐन मध्यावर का असेनात.

मनीषा तिथलीच. एका तांड्यावरची, दहावीतली, किडकिडीत आणि तोंडाने फटकळ. साऱ्या वर्गात सरांना उलटून बोलणारी ती एकटी.

"सर, नाऊन झालं, व्हर्ब झालं. इंग्लिश कधी येते?"

"पाया खोदून राह्यलो ना आपण, पोरी."

"दोन वर्सं झाले खोदून राह्यले. पानी लागन आता."

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग, मी शपथेवर सांगतो, ते हसले. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर मनीषा दिसेना. तिचे आईबाप ऊसतोडीला खाली साताऱ्याकडे जातात. धाकटी बहीण छकुली दोन-अडीच वर्षांची. आई फडात असताना तिला सांभाळायला कोणी हवं, म्हणून मनीषालाही नेलेलं. जाण्याआधी तिचा बाप सुदाम ओसरीशी येऊन सरांना सांगून गेला होता. माणूस सरळ. "मार्चात परीक्षेले आणतो तिले. बाकीच्या विषयाचं नाई, पन इंग्रजीत ते कच्ची हाय. पास झाली तं शिकू देतो सर, माहा शब्द हाय. नापास झाली तं मंग तिच्या हाती बी कोयताच."

सरांनी त्याच्याकडून टोळीच्या मुकादमाचा नंबर तेवढा लिहून घेतला. त्या आठवड्यापासून माझ्या वाचनालयाची शांतता संपली.

रोज दिवेलागणीला सर ओसरीवर येत, खिशातून बटणांचा जुना फोन काढत आणि ओरडू लागत. माणूस जितका लांब तितका आवाज मोठा हवा, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि सातारा बराच लांब आहे. आत लोक पेपर वाचत असायचे, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि बाहेरून गर्जना यायची, "ब्युटी! ब्युटिफाय! पुढं?"

लोकांना वाटलं, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला. मी तक्रार घेऊन बाहेर गेलो आणि तिथेच बसलो, कारण फोनमधून उत्तर येत होतं. पलीकडचा फोन मुकादमाचा होता, आणि दोन्हीकडे स्पीकर चालू होता. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज, पोरांची रडारड, कुत्री आणि त्या सगळ्यातून मनीषा, "ब्युटिफुल! ब्युटिफुली! सर, थांबा, भाकर जळून राह्यली."

"जळू दे. प्लेझर?"

"प्लीज, प्लेझंट, प्लेझंटली. सर, भाकर तुमी नाई ना खाणार!"

मग मुकादम मध्ये पडे. "ओ सर, तुमच्या नाऊनपायी माही बॅटरी संपून राह्यली. टोळीतले समदे रातच्याले बरळून राह्यले. काल एक जन झोपेत 'सक्सेसफुली' म्हने."

"मुकादम, तुमी हेल्पिंग व्हर्ब हा."

"म्हंजे?"

"सोता काई करत नाई, दुसऱ्याले करायले लावते."

पलीकडे सगळी टोळी हसली. मुकादमही हसला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहूनच फोन लावला. थोड्याच दिवसांत तिकडून कोरस येऊ लागला. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाया-माणसं चुलीपुढे बसून एका सुरात शब्दांची रूपं म्हणत. इकडे माझे वाचक पेपर गुडघ्यावर ठेवून ऐकत. पाटी मी काढली नाही. फक्त तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

एका संध्याकाळी सर भोवतालच्या वस्तू विचारत होते. ऊस, दोर, बैल, गाडी. मनीषा फटाफट सांगत होती. "कोयता?" सरांनी विचारलं.

मनीषाने उत्तराऐवजी प्रश्नच विचारला.

"सर, इथं नवराबायकोच्या जोडीले कोयता म्हनतात. माह्या मायबापाचा मिळून एक कोयता. मुकादमाले कोनी विचारलं, टोळी केवढी हाय, तं तो मानसं नाई सांगत, कोयते सांगते. मंग काय लिहू? मानूस लिहू का वस्तू?"

सरांनी फोन तोंडापासून थोडा दूर धरला. शब्दाचं काम सांगा, जागा सांगा, असं आयुष्यभर बजावणारा हा माणूस फोनची बटणं चाचपू लागला. "आज इतकंच," म्हणाले आणि फोन ठेवला. कोट सावरून निघाले तेव्हा वाटेत बाबूसाहेब भेटले, तर त्यांना आर्टिकलसुद्धा म्हणाले नाहीत.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा सुदामचा फोन आला. मनीषा येणार नव्हती. टोळीतलं एक लेकरू खेळता खेळता उसाच्या ट्रकच्या वाटेत गेलं होतं. ड्रायव्हरचं लक्ष होतं म्हणून वाचलं. तेव्हापासून मनीषाच्या आईने धसका घेतला; छकुलीला एकटं सोडून ती फडात जायला तयार नव्हती. आणि जोडीतली बाई घरी बसली, तर कोयता मोडतो.

"पुढच्या साली देईन परीक्षा," सुदाम म्हणत होता. त्यालाही ते खरं वाटत नव्हतं, हे फोनवरूनसुद्धा कळत होतं.

"लहानीलेबी पाठव," सर म्हणाले.

"कोनाकडं?"

"माह्याकडं."

"सर, तुमच्या घरी हाय कोन?"

"मी हाय ना!"

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्या घरात लहान मूल कधी राहिलंच नव्हतं. त्यांच्या हातून बाजारातून भोपळा आणवायचा म्हटलं तरी मला धास्ती वाटली असती, आणि हे लेकरू सांभाळणार! दुसऱ्या दिवशी कोट घालून ते एकटेच एसटीत बसले आणि साताऱ्याच्या बाजूला गेले. परतले तेव्हा सोबत मनीषा होती आणि खांद्यावर झोपलेली छकुली. कोटाच्या कॉलरवर लाळ वाळून पांढरी झाली होती. तिकडे काय पाहिलं, म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाले, "खोपटाले दार नसते हो."

राठीकाकूंनी दोघींच्या झोपण्याची सोय स्वतःकडे केली. दिवसभर मनीषा काकूंच्या माडीवर अभ्यास करी आणि छकुली सरांकडे असे. ती पहिल्या दिवशी सरांच्या चष्म्याशी खेळली, दुसऱ्या दिवशी चष्मा नव्हता. सर तिला घेऊन गल्लीत फेऱ्या मारू लागले. कडेवर घेणं त्यांना जमत नव्हतं. शाळेतला पृथ्वीचा गोल उचलून न्यावा तसं ते तिला दोन्ही हातांनी पुढे धरत. छकुलीला तेच आवडलं. पुढचं सगळं दिसे.

सर जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि मावळल्यावर घरात चूल पेटवायची नाही, हा नेम त्यांच्या आईपासून चालत आलेला. छकुलीची भूक मात्र फडातली होती. माय उशिरा येई, तेव्हा चूल पेटे, तेव्हाच तिला भूक लागे. तिसऱ्या संध्याकाळी ती रडू लागली ती थांबेना. थंड दूध तिने उडवून लावलं. काकूंनी सवयीने खिडकी उघडली, आणि सरांच्या स्वयंपाकघरात गॅसची निळी ज्योत दिसली.

"अवं माय! सर, दिवस मावळला ना!"

"नेम माहा हाय काकू," सर आतून म्हणाले. "तिनं कुठं घेतला?"

मी तेव्हा काकूंकडे मनीषासाठी एक शब्दकोश द्यायला गेलो होतो, म्हणून मला दिसलं. सरांनी तांदूळ-मुगाची मऊ खिचडी केली होती. स्वतः एक शीतही तोंडात न घालता ते प्रत्येक घासावर फुंकर मारत होते, आणि छकुली प्रत्येक घासाला काहीतरी बडबडत होती. कुठल्याच भाषेत नसलेली ती बडबड सर अगदी मान डोलवून ऐकत होते. एकदाही तिला थांबवून विचारलं नाही, की हा शब्द कोणता.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर निंबाखाली सर उभे होते. शाळा वाचनालयासमोरच आहे, त्यामुळे मीही तिथेच होतो. छकुली त्यांच्या खांद्यावर होती, आणि ऊन सरकेल तसे सर सरकत होते. चहावाल्या बबनला राहवलं नाही.

"काय सर, हे लहानी कोनतं पार्ट ऑफ स्पीच म्हनाव?"

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. झोपली हाय."

घंटा झाली. पोरं बाहेर आली, तशी दरवर्षीप्रमाणे प्रश्नपत्रिका घेऊन सरांकडे धावली. सरांनी एकही हातात घेतली नाही. मनीषा सगळ्यांत शेवटी आली. चेहरा उतरलेला, ओठ घट्ट मिटलेले. आता उलटतपासणी होणार म्हणून तिने आपणहून प्रश्नपत्रिका पुढे केली.

"सकायपासून पोटात काई नाई तुह्या," सर म्हणाले. "चाल घरी."

"सर, पेपर नाई पाहत?"

"तुनं लिहिला ना? मंग मी पाहून काय करू?"

ती भर रस्त्यात रडली. छकुली जागी झाली आणि तीही रडली. सरांना दोघींपैकी आधी कुणाला गप्प करावं हे कळेना, तेव्हा बबनने दोन बिस्किटपुडे आणून हा प्रश्न सोडवला.

मनीषा पास झाली. इंग्रजीत मार्क बेताचेच पडले. सरांच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या विद्यार्थ्यांनाही याहून जास्त होते. सरांनी ते सगळ्या गावाला सांगितले, आणि कुठलंही विशेषण न लावता सांगितले. सुदामने शब्द पाळला. मनीषा अकरावीला आमच्याच गावात आली, मुलींच्या वसतिगृहात राहू लागली.

छकुली मात्र परीक्षा संपताच आईकडे गेली होती. ती रस्त्यावर जाऊ नये म्हणून मार्चमध्ये सरांनी घराच्या दारात आडवी फळी ठोकली होती. ती गेल्यावरही फळी तशीच राहिली. उन्हाळाभर, पावसाळाभर सर येताजाता एका हाताने धोतर उचलून, दुसऱ्या हाताने चौकट धरून ती ओलांडत. एकदा त्यांचा तोल गेलेला मी पाहिला. "काढून टाका की सर, पडाल," म्हटलं. "राहू द्या," म्हणाले. पोस्टमनही मग पाय उचलून आत जायला शिकला.

दिवाळी झाली आणि तांड्यावरून ऊसतोडीच्या गाड्या निघायची वेळ आली. सुदाम आणि त्याची बायको सरांच्या घरी आले. मीही तिथेच ओट्यावर बसलो होतो. गाठोडी रस्त्यावर ठेवून सुदाम घसा खाकरत उभा राहिला.

"सर, एक विचाराचं होतं. मनीषा तं आता येत नाई संगं. मंग लहानीचं... म्हंजे तुमाले तरास होईन, पन..."

तो शब्द जुळवत होता तोवर छकुली आईचं बोट सोडून दाराशी गेली होती. उन्हाळाभरात ती चांगली वाढली होती. तिने फळीवर दोन्ही हात ठेवले, एक पाय वर टाकला, पोटावर आडवी झाली आणि धप्पकन आत पडली. रडली नाही. उठून सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागली.

सुदाम अजून बोलतच होता. सरांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या फळीकडे बघत होते.

"बबनकडं हातोडी असन काय हो?" त्यांनी मला विचारलं. "फळी वर घ्या लागते आता."